थडग्याभोवती बसवलेले सभागृह: व्हॅटिकन टेकडीवरील पहिल्या बॅसिलिकेचा प्रकरण अभ्यास

टायबर नदीच्या पश्चिम काठापलीकडे, व्हॅटिकन टेकडीच्या उतारावर इ.स. 320 च्या दशकात संत पेत्राच्या बॅसिलिकेचे जे बांधकाम हाती घेण्यात आले, त्याची जागा कोणत्याही अनुभवी गवंड्याने पाहताक्षणी नाकारली असती. जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे, अशी दोन्ही अंगांनी उतरत होती. उतारावर विटांनी बांधलेल्या, छपरे आणि दारे असलेल्या दफनगृहांच्या रांगा उभ्या होत्या, आणि त्यांपैकी काहींमध्ये अजूनही दफने होत होती. थोडे दक्षिणेला गेले, तर सम्राट कॅलिगुला आणि नीरो यांच्या काळातील, पुढे वापरातून गेलेल्या रथशर्यतींच्या मैदानाची सपाट जमीन होती. ती सोडून रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनाच्या बांधकाम करणाऱ्यांनी टेकडी कापली, दफनगृहे बुजवली आणि सुमारे 120 मीटर लांब व 64 मीटर रुंद इमारतीसाठी कृत्रिम जोते तयार केले.

हा निर्णय का घेतला गेला, तो अमलात कसा आणला गेला आणि त्यातून इमारतीच्या रचनेत काय नवे जन्माला आले, हे या प्रकरणाचे तीन प्रश्न आहेत. आरंभीच्या ख्रिस्ती चर्चची रचना रोमन बॅसिलिकेवरून आली, हे विधान पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळते आणि ते खरेही आहे. परंतु व्हॅटिकनच्या प्रकरणात ते अर्धेच लागू पडते. येथे बॅसिलिकेइतकाच वाटा रोमन दफनभूमीचाही आहे, आणि या दोन रोमन परंपरा जिथे एकमेकींना सांधल्या गेल्या, तो सांधा इमारतीच्या आराखड्यात स्पष्ट दिसतो.

उपलब्ध नमुना

बॅसिलिका म्हटले की मराठी वाचकाला जुन्या गोव्याची बॉम जेझू आठवते. पण तेथे तो शब्द पोपने 1946 मध्ये दिलेला मान आहे, इमारतीचा प्रकार नव्हे. बॉम जेझूच्या दालनाला बाजूच्या पडव्याच नाहीत. रोमन लोकांच्या लेखी बॅसिलिका हे धर्माशी थेट संबंध नसलेले, शहराच्या चौकालगतचे मोठे छतबंद सभागृह होते. तेथे न्यायनिवाडे होत, व्यापाराचे करार ठरत आणि पाऊस आला की लोक आसऱ्याला येत. मधले दालन उंच, त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे कमी उंचीच्या पडव्या, पडव्यांच्या छपराच्या वर मधल्या दालनाच्या भिंतीत उजेडासाठी खिडक्या, आणि एका किंवा दोन्ही टोकांना अर्धवर्तुळाकार कोनाडा, जिथे न्यायाधिकारी बसे, अशी तिची सर्वसाधारण मांडणी असे. सम्राट ट्रेजनने इ.स. 112 मध्ये लोकार्पण केलेली बॅसिलिका उल्पिया ही या प्रकारातील सर्वांत भव्य इमारतींपैकी एक. तिच्यात मधले दालन धरून पाच पट्टे होते आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ होते. तिचे मुख्य प्रवेश मात्र लांब बाजूने होते, म्हणजे आत शिरणारा माणूस दालनाच्या आडव्या अंगाने शिरे.

याच प्रकाराची एक राजदरबारी शाखाही होती. आजच्या जर्मनीतील ट्रियर येथे इ.स. 310 च्या सुमारास कॉन्स्टंटाइनासाठी उभारलेले दरबारगृह आजही उभे आहे. सुमारे 67 मीटर लांब, 27 मीटर रुंद आणि 33 मीटर उंच असे ते खांबांविना एकसलग दालन आहे. आखूड बाजूने प्रवेश करायचा आणि समोरच्या टोकाला, अर्धवर्तुळाच्या पार्श्वभूमीवर, सम्राट. प्रवेशापासून अधिकाराच्या आसनापर्यंतची ही सरळ रेषा चर्चला फार मोलाची ठरली.

मंदिराचा नमुना ख्रिस्ती समाजाने का नाकारला, याचे उत्तर केवळ वैरात शोधू नये. रोमन मंदिर हे मूर्तीचे घर होते. यज्ञाची वेदी बाहेर उघड्यावर असे आणि जमावही बाहेरच थांबे. ख्रिस्ती उपासनेला शेकडो माणसे एका छपराखाली, एका दिशेने तोंड करून, वाचन ऐकण्यास आणि भाकर-द्राक्षारसाच्या विधीत सहभागी होण्यास जमवायची होती. त्याआधी हे काम साध्या घरांत चालत असे. सीरियातील ड्युरा-युरोपोस येथे सापडलेले, इ.स. 256 च्या सुमारास गाडले गेलेले असे घर प्रसिद्ध आहे: दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली सभेची खोली आणि शेजारी बाप्तिस्म्याचे कुंड, इतकाच त्याचा विस्तार. इ.स. 312 मध्ये कॉन्स्टंटाइनाने रोम जिंकल्यानंतर लॅटरन येथे, पराभूत मॅक्सेंशियसच्या बाजूने लढलेल्या घोडदळाची छावणी पाडून, पहिली मोठी बॅसिलिका बांधायला घेतली. ती बिशपची होती, शहराच्या तटबंदीच्या आत होती, आणि तिच्याखाली कोणा हुतात्म्याचे थडगे नव्हते. तेथे सभागृह हे सभागृहच राहिले.

थडगे

व्हॅटिकनची गोष्ट वेगळी होती. रोमच्या बारा फलकांच्या जुन्या कायद्याने शहराच्या हद्दीत दफनाला मनाई होती, म्हणून थडगी शहराबाहेर, रस्त्यांच्या कडेने असत. व्हॅटिकन उतारावरची दफनगृहे अशाच एका रस्त्यालगतची. त्यांतील एका दफनगृहाच्या दारावर पोपिलियस हेराक्ला नावाच्या माणसाच्या मृत्युपत्रातील मजकूर कोरलेला सापडला. त्यात त्याने आपले थडगे व्हॅटिकनमध्ये, रथमैदानाजवळ बांधावे, असे वारसांना बजावले आहे. मैदान कुठे होते, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

या रांगांच्या पश्चिम टोकाला एक लहानसे उघडे आवार होते. त्याच्या एका बाजूला लाल गिलाव्याची भिंत होती आणि त्या भिंतीला लागून पूर्वेकडे तोंड करून दोन बारीक खांबांची एक देवळी होती, फार तर अडीच मीटर उंचीची. भिंतीलगतच्या गटाराच्या कौलांवरील शिक्के इ.स. 147 ते 161 या काळातले असल्यामुळे देवळीचा काळही इ.स. 160 च्या आसपास धरला जातो. हेच प्रेषित पेत्राचे स्मारक, अशी रोमच्या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा होती. इ.स. 200 च्या सुमारास गायस नावाचा एक रोमन ख्रिस्ती लेखक वादात प्रतिपक्षाला सुनावतो की व्हॅटिकनला किंवा ऑस्टियाच्या वाटेवर गेलात, तर प्रेषितांची विजयचिन्हे मी तुम्हाला दाखवीन. त्याचे हे शब्द इतिहासकार युसेबियसने जतन केले आहेत. देवळीशेजारच्या एका लहान भिंतीवर भाविकांनी खरवडलेल्या नावांची आणि चिन्हांची अक्षरशः गर्दी आहे.

देवळीखाली पेत्राचे अवशेष खरोखर होते काय, हा प्रश्न या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि माझ्या मते रचनेच्या दृष्टीने तो गौणही आहे. चौथ्या शतकातील बांधकाम करणाऱ्यांना ते स्थान निश्चित वाटत होते, आणि त्या खात्रीपोटी त्यांनी जे केले ते आजही मोजता येते. देवळी हलवायची नाही, ही पहिली अट. ती नव्या जमिनीच्या वर दिसली पाहिजे, ही दुसरी. इमारतीचा मध्य अक्ष तिच्यातून गेला पाहिजे, ही तिसरी. या तीन अटी मान्य केल्या की जमिनीची पातळी, अक्षाची दिशा आणि अर्धवर्तुळाची जागा आपोआप ठरते. निवडीला फारसे काही उरत नाही. देवळीचे तोंड पूर्वेला असल्याने प्रवेश पूर्वेकडून आणि अर्धवर्तुळ पश्चिमेला आले. पुढील काळात चर्चचे अर्धवर्तुळ पूर्वेला असावे, असा संकेत रूढ झाला, त्याच्या बरोबर उलट. याची एक गंमतशीर अडचण पाचव्या शतकात पोप लिओ पहिला याच्या एका प्रवचनात दिसते: काही भाविक संत पेत्राच्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात, अशी त्याची तक्रार आहे.

जोते आणि कायदा

अंमलबजावणीत पहिला अडथळा मातीचा नव्हता, कायद्याचा होता. रोमन कायद्यात थडग्याची जागा पवित्र मानली जाई आणि तिची मोडतोड हा गंभीर गुन्हा होता. अशा जागेत फेरफार करण्यास परवानगी देण्याचा अधिकार धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडे असे, आणि त्या मंडळाचा प्रमुख, म्हणजे पाँटिफेक्स मॅक्सिमस, हे पद खुद्द सम्राटाकडे होते. कॉन्स्टंटाइनाने ते पद सोडले नव्हते. ख्रिस्ती प्रेषिताच्या स्मारकासाठी अख्खी दफनभूमी बुजवण्याचे काम जुन्या रोमन धर्मव्यवस्थेच्या सर्वोच्च पदावरील माणसालाच करता येण्याजोगे होते, हा या प्रकरणातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

काम मात्र जपून झालेले दिसते. दफनगृहांची छपरे काढली गेली, भिंती आवश्यक त्या उंचीपर्यंत उतरवल्या गेल्या, आणि खोल्यांमध्ये आडव्या भिंती घालून, मग माती भरली गेली, जेणेकरून भराव सरकू नये. शवपेटिका, रक्षापात्रे, भिंतींवरची चित्रे यांपैकी बरेचसे जागच्या जागी राहिले, आणि त्यामुळेच सोळाशे वर्षांनी ते जसेच्या तसे सापडले. उत्तर आणि पश्चिम बाजूला टेकडी तासली गेली. निघालेली माती दक्षिण आणि पूर्वेच्या बाजूला टाकली गेली, आणि तिला आवरण्यासाठी दक्षिणेला भक्कम पायाभिंती उभारल्या गेल्या. हे तंत्र रोमन अभियंत्यांना नवे नव्हते. उतारावर कृत्रिम सपाटी तयार करणे हे शतकानुशतके हाताखालचे काम होते.

काळ ठरवण्यासाठी दोन पुरावे विशेष उपयोगी पडतात. एका दफनगृहातील ट्रेबेलेना फ्लॅसिला या स्त्रीच्या रक्षापात्रात इ.स. 317 ते 320 या काळात पाडलेले कॉन्स्टंटाइनाचे नाणे मिळाले. म्हणजे तोपर्यंत ही दफनभूमी बुजलेली नव्हती. दुसरा पुरावा कागदोपत्री आहे. पोपांच्या चरित्रांच्या जुन्या संग्रहात या बॅसिलिकेला दिलेल्या जमिनींची यादी आहे, आणि त्या जमिनी अँटिऑक, अलेक्झांड्रिया, इजिप्त अशा पूर्वेकडील प्रांतांतल्या आहेत. ते प्रांत इ.स. 324 मध्ये पूर्वेचा सम्राट लिसिनियस याच्या पराभवानंतरच कॉन्स्टंटाइनाच्या हाती आले. काम त्यापूर्वी सुरू झाले असेल किंवा नसेल, पण त्याचा कायमचा खर्च भागवण्याची व्यवस्था त्यानंतरची आहे.

सांधा

जोत्यावर उभी राहिलेली इमारत पूर्वेकडून पाहत गेल्यास बरीचशी ओळखीची वाटे. प्रथम खांबांनी वेढलेले उघडे अंगण. त्यात पुढे कारंज्यावर बसवलेले काशाचे मोठे देवदार-फळ, जे आज व्हॅटिकनच्या दुसऱ्या एका अंगणात पाहायला मिळते. मग सुमारे 90 मीटर लांबीचे मधले दालन आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पडव्या. खांबांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेत 22, म्हणजे एकूण 88 खांब. मधल्या दालनाचे खांब डोक्यावर सरळ दगडी तुळई वाहत, तर पडव्यांमधले खांब कमानी. छप्पर लाकडी कैच्यांचे. रोमन कारागीर काँक्रीटचे घुमट आणि कमानी लीलया बांधत होते. रोममध्येच मॅक्सेंशियसने सुरू केलेली आणि कॉन्स्टंटाइनाने पुरी केलेली बॅसिलिका त्याची साक्ष आहे. तरीही चर्चसाठी जुन्या धर्तीचे लाकडी छप्पर निवडले गेले. ते हलके होते आणि झटपट उभे राहात होते. नव्या भरावावर हलकेपणाला किती महत्त्व होते, हे वेगळे सांगायला नको.

खांब जुन्या इमारतींमधून काढून आणलेले होते. कुठे ग्रॅनाइट, कुठे रंगीत संगमरवर. खांबांच्या बैठका आणि शीर्षेही एकमेकांशी जुळणारी नव्हती. काही अभ्यासक यात ऱ्हास पाहतात, काही जुन्या रोमचा वारसा मिरवण्याचा हेतू. मला दोन्ही टोकांची मते थोडी ताणलेली वाटतात. एकाच वेळी 88 उंच खांब हवे असतील आणि राज्याच्या ताब्यातील साठ्यात जुने खांब उपलब्ध असतील, तर कोणताही व्यवहारी मुकादम ते वापरेल. त्यातून सौंदर्याची एक नवी सवय लागली, ती नंतर.

मधल्या दालनाच्या शेवटी मात्र रोमन सभागृह अचानक थांबते. दालन आणि अर्धवर्तुळ यांच्या मध्ये एक आडवे, एकसलग, पडव्यांच्या बाह्य भिंतींपलीकडे थोडे डोकावणारे दालन घातलेले होते. वास्तुशास्त्रात त्याला ट्रान्सेप्ट म्हणतात. त्याची उंची मधल्या दालनापेक्षा कमी होती आणि दोहोंमध्ये एक प्रचंड कमान होती. रोमन बॅसिलिकेत या आडव्या दालनाला ठरलेली जागा नव्हती. ते आले देवळीसाठी. अर्धवर्तुळाच्या तोंडाशी, नव्या जमिनीतून वर डोकावणारी दुसऱ्या शतकातील ती देवळी संगमरवर आणि जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या आवरणात बंद केलेली होती. तिच्यावर पिळदार, द्राक्षवेली कोरलेल्या चार खांबांची छत्री उभारली होती. तशाच आणखी दोन खांबांनी छत्री अर्धवर्तुळाच्या कोपऱ्यांशी जोडली होती. आजच्या क्रोएशियातील इस्त्रिया भागात, पोला गावाजवळ 1906 मध्ये मिळालेल्या पाचव्या शतकातील एका हस्तिदंती पेटीवर ही मांडणी कोरलेली आहे, आणि उत्खननाशी ती चांगली जुळते.

म्हणजे एकाच छपराखाली दोन इमारती होत्या. पूर्वेचा भाग जमावाचा, पश्चिमेचा भाग थडग्याचा. भाविकांची रांग देवळीपर्यंत जाऊन वळून परत येऊ शकेल, इतकी मोकळी जागा आडव्या दालनाने दिली. येथे मराठी वाचकाला कार्ल्याचे चैत्यगृह आठवेल: मधले दालन, खांबांच्या रांगा, पडव्या, आणि गोलाकार टोकाशी पूजेची वस्तू, म्हणजे स्तूप. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांनी या लेण्यांचे वर्णन चर्चच्याच परिभाषेत केले, आणि ती परिभाषा अजून आपल्या माहितीफलकांवर टिकून आहे. नात्याचा मात्र संबंध नाही. कार्ल्यात खांबांची रांग स्तूपाला वळसा घालून प्रदक्षिणामार्ग सांभाळते. व्हॅटिकनमध्ये देवळी अर्धवर्तुळाच्या तोंडाशी अडलेली असल्यामुळे गर्दीचा प्रश्न आडव्या दालनाने सोडवावा लागला.

पूर्वेचा भागही पूर्णपणे सभागृह राहिला नाही. मृतांच्या थडग्यांपाशी ठरावीक दिवशी जेवण करण्याची रोमन रीत ख्रिस्ती कुटुंबांनी सोडली नव्हती. इ.स. 396 च्या सुमारास पमॅकियस या सिनेटरने आपली पत्नी पॉलिना हिच्या मृत्यूनंतर याच बॅसिलिकेत रोमच्या गोरगरिबांना जेवण घातले, आणि नोलाच्या पॉलिनस या ख्रिस्ती लेखकाने त्या गर्दीचे वर्णन पत्रात केले आहे: लोक दालनात आणि अंगणात पंक्तीने बसले होते. प्रेषिताच्या शेजारी आपलेही दफन व्हावे, म्हणून जमिनीखाली थडग्यांची दाटी वाढत गेली. दफनभूमी बुजवून बांधलेली इमारत स्वतःच छप्पर असलेली दफनभूमी बनली. त्याच वेळी मोठ्या कमानीवरील लॅटिन लेख तिला निराळ्याच शब्दाने ओळखत होता: तुझ्या नेतृत्वाखाली जग विजयी होऊन ताऱ्यांपर्यंत उंचावले, म्हणून विजयी कॉन्स्टंटाइनाने तुझ्यासाठी हा 'औला' बांधला. औला म्हणजे राजदरबाराचे दालन. लेख लिहिणाऱ्याला ट्रियरसारखे काही डोळ्यांसमोर होते. जमिनीखालच्या दफनगृहांविषयी तो बोलत नाही.

आडवे दालन थडग्यामुळेच आले, याची पडताळणी पुढच्या इमारतींवरून करता येते. इ.स. 380 च्या दशकात सम्राटांनी ऑस्टियाच्या वाटेवरील संत पौलाचे छोटे चर्च मोठे करायला घेतले, तेव्हा तिथेही थडगे होते, आणि तिथे पाच पट्ट्यांबरोबर आडवे दालनही आले. इ.स. 422 ते 432 या काळातील सांता साबिना आणि त्यानंतर लगेचची सांता मारिया माज्जोरे ही शहरातली चर्चे. तेथे थडगे नव्हते आणि मूळ बांधणीत आडवे दालनही नव्हते. नवव्या शतकात पोप पास्काल पहिला याने शहराबाहेरच्या भुयारी दफनभूमींतून हुतात्म्यांचे अवशेष आत आणून सांता प्रासेदे बांधले, तेव्हा आडवे दालन आणि खांबांवरची सरळ तुळई ही दोन्ही वैशिष्ट्ये परत अवतरली. आडव्या दालनामुळे आराखडा क्रूसासारखा दिसतो, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. परंतु व्हॅटिकनमध्ये क्रूसाचा आकार हा परिणाम होता, उद्देश नव्हे.

ढळलेली भिंत

इ.स. 600 च्या आसपास अर्धवर्तुळाच्या भागातील जमीन उंच करण्यात आली, जेणेकरून वेदी थेट देवळीवर यावी आणि भाविकांना खालून, अर्धवर्तुळाकार बोळातून, थडग्यापर्यंत जाता यावे. वर विधी आणि खाली दर्शन, अशी ही विभागणी युरोपभर अनुकरणीय ठरली. इ.स. 800 च्या नाताळात शार्लमेनचा राज्याभिषेक याच इमारतीत झाला.

जागेने आपली किंमत मात्र वसूल केली. पंधराव्या शतकाच्या मध्यास वास्तुविद लिओन बत्तिस्ता अल्बर्टी याने नोंदवले की या बॅसिलिकेची लांब आणि उंच भिंत ओळंब्यातून सहा फुटांहून अधिक ढळली आहे. त्याने दोष रचनेला दिला: सलग पोकळ्यांवर, म्हणजे खांबांच्या रांगेवर, इतकी उंच भिंत सरळ चढवली आणि तिला आधार देणारे काही बांधले नाही. निदान योग्यच आहे, तरी मी त्यात दक्षिणेकडील भरावाचीही भर घालीन. अर्धा पाया कापलेल्या टेकडीत आणि अर्धा टाकलेल्या मातीत असलेली इमारत अकराशे वर्षे टिकली, हेच आश्चर्य. 1506 मध्ये पोप जुलियस दुसरा याने नव्या चर्चची कोनशिला बसवली. जुने दालन टप्प्याटप्प्याने पाडले गेले. पूर्वेकडचा उरलेला भाग सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत नव्याच्या शेजारी उभा होता, आणि त्यामुळेच टिबेरियो अल्फारानो याला जुन्या इमारतीचा तपशीलवार आराखडा काढता आला. 1590 मध्ये छापला गेलेला तो आराखडा आजही अभ्यासाचा मुख्य आधार आहे.

दक्षिणेकडील पाया रथमैदानाच्या भिंतींवर आहे, असे त्यानंतर बराच काळ मानले जात होते. 1940 ते 1949 या काळात चर्चखाली झालेल्या उत्खननाने ते चुकीचे ठरवले: पायाखाली मैदान नव्हते, दफनगृहांची गल्ली होती. नव्या चर्चची जमीन जुन्या जमिनीपेक्षा सुमारे तीन मीटर उंच आहे, आणि दोन्हींच्या मधल्या जागेतच पोपांची थडगी असलेली तळघरे आहेत. कॉन्स्टंटाइनाच्या छत्रीच्या धर्तीचे पिळदार खांब घुमटाखालच्या चार महाकाय आधारस्तंभांच्या वरच्या कोनाड्यांमध्ये बसवलेले आहेत, आणि 1594 ची वेदी ज्या वेद्यांवर चढली आहे, त्यांच्या तळाशी लाल भिंतीला टेकलेली ती देवळी आहे.